उरलेलं वजन

आमची मुलगी चार महिन्यांची असताना तिसऱ्यांदा दवाखान्यात दाखल झाली. तिच्या हृदयाला भोक होतं. ते बुजवायचं तर वजन चार किलो तरी हवं, असं डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, आणि मुलगी साडेतीनच्या पुढे सरकायला तयार नव्हती. दूध ओढतानाच दमायची, म्हणून नाकातून नळी घातली होती. दर दोन तासांनी नळीतून दूध, दिवसातून चार वेळा औषध आणि सकाळी दहाला वजन. "फार दिवस थांबता यायचं नाही," असंही बाई म्हणाल्या होत्या. म्हणजे आधी चार किलो भरणार की आधी दुसरंच काही होणार, एवढाच प्रश्न होता. त्यातलं ते 'दुसरंच काही' आम्ही नवराबायको कधी तोंडाने बोललो नाही.

वजन हा माझाच धंदा. मी वजनकाटे दुरुस्त करायचो. दुकानांतले, गोदामांतले, औषधवाल्यांचे. हे कळल्यावर वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरांनी माझं नाव काटेवाले ठेवलं आणि मुलीचं मुंगी. दोन्ही नावं चिकटली. माझी बायको कपडे शिवायची. दवाखान्यातही तिच्या गळ्यात टेप असायची. काढायचं राहून जायचं.

वजनाची खोली वॉर्डाच्या टोकाला होती. पांढऱ्या फरशा, एक बेसिन, आणि खालची अर्धी तावदानं रंगवलेली खिडकी. टेबलावर काटा. त्याचं तबक पाळण्यासारखं खोलगट आणि पुढे हिरवे आकडे. सिस्टर तबकात चादर घालायच्या, बटण दाबून आकडा शून्यावर आणायच्या, मूल ठेवायच्या, आकडा वाचायच्या, मूल आईकडे द्यायच्या आणि पाठ वळवून वहीत लिहायच्या. वॉर्डात आठ खाटा होत्या. आमची आठवी, म्हणून आमचा नंबर शेवटचा.

त्या दिवशी आकडा आला तीन किलो सहाशे. चाळीस ग्रॅम वाढले होते. "मुंगीने साखर खाल्लेली दिसतेय," सिस्टर म्हणाल्या आणि मुलीला उचलून बायकोच्या हातात दिलं. मी सवयीने काट्याकडे बघत होतो. मूल उचललं की आकडा पडतो. तो पडला, पण चाळीसवर थांबला. रिकाम्या तबकात चाळीस ग्रॅम. मग एकोणचाळीस, सदतीस, तीस, आणि शून्य. जिन्यावरून कुणी कठडा धरून उतरावं तसा तो उतरला.

सिस्टर लिहीत होत्या, बायको मुलीचं झबलं नीट करत होती. पाहिलं ते मी एकट्याने. आणि मी पाहिलेल्या गोष्टींवर माझा स्वतःचाच फारसा विश्वास नसतो, म्हणून गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या खाटेपासून उभा राहिलो. सात मुलं झाली. सातही वेळा आकडा दगडासारखा शून्यावर आदळला. आठवी आमची. तीन किलो सहाशे वीस. उचलल्यावर मागे साठ उरले. थोडा वेळ थांबले आणि उतरले.

मी दुपारी काट्यांच्या कारखान्यात मास्तरांना फोन केला. सगळं काम मी त्यांच्याच हाताखाली शिकलो होतो.

"मास्तर, भार काढल्यावर काटा किती वेळ धरून ठेवतो?"

"एखाद-दुसरा ग्रॅम, तोही क्षणभर. का रे?"

"हा साठ धरतोय."

"मग गेला तो. नवा घ्यायला सांग."

"सगळ्यांचं नाही धरत. एकाच मुलीचं. माझ्या."

मास्तर म्हणाले, "झोप काढ बाबा थोडी. काट्याचं नंतर बघू."

तरी दुसऱ्या दिवशी मी तपासणीच्या वजनांची पेटी घेऊन गेलो. ती वजनं बोटांनी धरायची नसतात, घामाचाही भार लागतो. मी फडक्याने एकेक उचलून ठेवत होतो तेव्हा सिस्टर दारात येऊन म्हणाल्या, "काटेवाले, दागिने आणलेत की काय घरचे?" मी काटा उघडला, आत फुंकर मारली, तारा पाहिल्या, बंद केला. एक किलोला एक किलो, दोनला दोन, मधोमध ठेवलं तरी तेच, कडेला ठेवलं तरी तेच. काढलं की शून्य. इतका निर्दोष काटा मी फार कमी पाहिलेत.

"बरोबर आहे," मी म्हणालो. सिस्टरांनी माझ्याकडून तसं लिहूनही घेतलं.

पुढचे दिवस मी खिशातल्या डायरीत रोज दोन आकडे लिहिले. मुलीचा आणि मागे उरलेला. पहिला आकडा रोज सुमारे वीसने वाढायचा, दुसराही तेवढ्यानेच. पहिल्यातून दुसरा वजा केला की प्रत्येक दिवशी तीन किलो पाचशे साठ. वीस दिवस तीन किलो पाचशे साठ. आमची मुलगी एक ग्रॅमही वाढली नव्हती. वाढत होतं ते दुसरंच काहीतरी, तिच्याबरोबर तबकात निजणारं, आणि ते उतरायला तिच्यापेक्षा चार-पाच सेकंद जास्त घेणारं.

वॉर्डात मात्र आनंद होता. सातव्या खाटेवरच्या मुलाची आई माझ्या बायकोला विचारायची, "तुम्ही काय देता हो हिला?" डॉक्टरबाई फेरीला आल्या की आमच्यापाशी हसायच्या.

मी बायकोला सांगितलं ते जिन्याजवळच्या बाकावर, दुपारी. ती डबा उघडून बसली होती. मी डायरी पुढे केली. तिने ती घेतली नाही.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"ती वाढत नाहीये ते. तिसऱ्या महिन्यात शिवलेलं झबलं अजून तसंच्या तसं होतंय. ही टेप काय मी शोभेला घालून फिरते?"

"अगं, मग वजन कुणाचं वाढतंय?"

तिने डब्याचं झाकण लावलं. "तिला खाटेच्या मधोमध ठेवलं की रडते. एका कडेला सरकवली की गप्प. मग एक हात त्या बाजूला टाकते आणि झोपते. एवढे दिवस समोर बसताय, बघितलं नाहीत?"

बघितलं होतं. रिकाम्या बाजूला चादर किंचित खोल गेलेली असायची, तेही बघितलं होतं. गादी जुनी आहे असं मी स्वतःला सांगितलं होतं.

"पण ते आहे काय?"

"मला काय ठाऊक? नावगाव विचारू का?"

"तुला भीती नाही वाटत?"

"पहिल्या दोन खेपांना ही रात्रंदिवस किरकिरत होती. कोण झोपलं होतं आपल्यातलं? आता झोपते. ओठांना रंग आलाय. मी कशाला भिऊ त्याला?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुम्ही कुणाला बोलू नका. बोललात तर मशीन बदलतील, नाहीतर आपल्याला दुसऱ्या खोलीत हलवतील."

मी बोललो नाही. पण माझं डोकं हिशेबी, आणि त्यात एक हिशेब बसत नव्हता. नळीतून रोज अर्धा लीटर दूध आत जात होतं. मुलगी वाढत नव्हती, आणि तिच्याशेजारचं ते वाढत होतं. मग दूध कुणाला लागत होतं? हा विचार एकदा डोक्यात आला तो जाईना. बायको नळीत दूध ओतायची आणि मी चादरीतल्या त्या खळग्याकडे बघत बसायचो. एके दिवशी मला वाटलं, खळगा पूर्वीपेक्षा मोठा झालाय.

एकविसाव्या दिवशी आकडा आला तीन किलो नऊशे नव्वद.

"उद्या पेढ्यांऐवजी साखरेचा दाणा दिलात तरी चालेल," सिस्टर मुंगीला म्हणाल्या. त्यांनी तिला उचललं, आणि बायकोचा पदर नळीत अडकला म्हणून तो सोडवत दोघी दारापर्यंत गेल्या. तबकात चारशे तीस उरले होते. स्थिर. अजून उतरायला लागले नव्हते.

आमच्या धंद्यात एक साधी रीत आहे. डब्यातून तेल मोजायचं असेल तर आधी रिकामा डबा काट्यावर ठेवायचा आणि शून्याचं बटण दाबायचं. मग काट्याच्या लेखी डबा नाहीच. समोर दिसतो, पण मोजला जात नाही. ही गोष्ट मी आयुष्यात हजारो वेळा केली असेल. त्या क्षणी मी तीच केली. चारशे तीस तबकात असताना मी शून्य दाबलं.

आकडा शून्य झाला आणि शून्यावर थांबला. नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला, जणू काही समजून घ्यायला वेळ लागावा. मग एकदम, पायरीबियरी न घेता, उणे चारशे तीस.

"हे उणे काय दाखवतंय?" सिस्टरांनी परत येऊन विचारलं.

"मी बघतो. तोवर कुणी हात लावू नका," मी म्हणालो. माझा आवाज मला चोरासारखा वाटला.

अकरा वाजता मुलगी रडायला लागली. तिसऱ्या खेपेत असं रडणं मी ऐकलं नव्हतं. तिचा हात कडेच्या चादरीवर इकडे-तिकडे फिरत होता. चादर सपाट होती, नुकतीच इस्त्री केल्यासारखी. बायकोने तिला मधोमध ठेवून पाहिलं, दुसऱ्या कडेला ठेवून पाहिलं. साडेबाराला रडणं थांबलं, आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. ओठ जांभळट झाले. बोटाला लावलेलं यंत्र वाजायला लागलं. डॉक्टरबाई धावत आल्या, नाकावर प्राणवायूचा मुखवटा लावला, छाती ऐकली, पुन्हा ऐकली.

"सकाळी तर छान होती," त्या म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत अशीच राहिली तर अतिदक्षता विभागात हलवू. मग ऑपरेशनचं काही सांगता यायचं नाही."

त्या गेल्यावर बायको माझ्याकडे वळली. "काय केलंत?"

"शून्य केलं."

"म्हणजे?"

मी डब्याचं आणि तेलाचं सांगितलं. सांगताना मलाच ते भयंकर वाटलं.

"म्हणजे हाकलून दिलंत," ती म्हणाली. "दारावर आलेल्या माणसाला नको म्हणता येत नाही तुम्हाला. घरात पाच केरसुण्या पडल्यात त्यापायी. जन्मात एकदा कुणाला हाकललंत, ते नेमकं याला?"

"मला वाटलं, ते हिचं दूध..."

"विचारायचं होतं मला!"

शेजारच्या खाटेवरच्या आईला मुलीजवळ बसवून आम्ही वजनाच्या खोलीत गेलो. दुपारचे तीन वाजले होते. भेटीची वेळ संपली होती. खिडकीच्या वरच्या तावदानांतून लख्ख ऊन फरशीवर पडलं होतं, इतकं की हिरवे आकडे नीट दिसत नव्हते. मी हाताचा आडोसा केला. उणे चारशे तीस.

"पुन्हा दाबा ते बटण. सरळ होईल ना?"

"नको. आता दाबलं तर रिकाम्या तबकालाच तो शून्य म्हणेल. मग ते कायमचं पुसलं जाईल." हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं. पण माझी खात्री होती, आणि माझ्या खात्र्या फार नसतात.

"मग काय करायचं?"

"जागा ठेवायची. त्याची जागा रिकामी आहे, हेच तो काटा सांगतोय."

मी तबकासमोर उभा राहून म्हणालो, "माझी चूक झाली." दुसरं काही सुचलं नाही. आकडा हलला नाही.

बायकोने मला कोपराने बाजूला सारलं. तिने चादरीच्या सुरकुत्या काढल्या, कडा आत दुमडल्या, आणि शेजारच्या घरात रुसून बसलेल्या पोराला हाक मारावी तशी म्हणाली, "ये रे, ये. ते बाबा असेच आहेत. वाईट नाहीत, वेंधळे आहेत. ये बाळा, ती वाट बघतेय."

बेसिनचा नळ ठिबकत होता. बाहेर कुणीतरी ढकलगाडी नेली. मग उणे चारशे अठ्ठावीस. चारशे वीस. चारशे. तीनशे नव्वदवर तो बराच वेळ अडला, आणि बायको "हां, हां, सावकाश" असं पुटपुटत राहिली. दोनशे. ऐंशी. बारा. चादर मध्ये किंचित खोल गेली. ऊन होतं म्हणून मला त्या खळग्याची सावलीही दिसली.

शून्य.

बायकोने दोन्ही हात चादरीखाली घातले, एक पाठीशी, एक मानेशी, आणि उचललं. आकडा पुन्हा उणे चारशे तीस झाला. तिचे हात किंचित खाली आले, भार घेतल्यावर येतात तसे. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

"दार उघडा," ती म्हणाली. "माझे हात भरलेत."

तिने ते खाटेच्या रिकाम्या कडेला ठेवलं. मुलीचा हात फिरत फिरत तिकडे गेला आणि थांबला. पाच वाजता डॉक्टरबाईंनी मुखवटा काढला. "मुलं अशीच घाबरवतात," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या सकाळी सिस्टरांनी ते उणे पुसून मुंगीचं वजन केलं. चार किलो दहा. सातव्या खाटेवरच्या आईने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरबाईंनी ऑपरेशनला मंगळवार दिला.

इथेच थांबावं, कुणाला काही सांगू नये, असं मला दोन दिवस वाटत होतं. पण भूल वजन बघून देतात. साडेतीन किलोच्या जिवाला चार किलोची भूल. सोमवारी मी डॉक्टरबाईंच्या खोलीबाहेर तीन वेळा जाऊन परत आलो. चौथ्या वेळी त्यांनीच विचारलं, "काय हो, काही हवंय?"

"वॉर्डातला काटा चुकतोय," मी म्हणालो. "आमच्या मुलीचं वजन साडेतीनच्या आसपासच आहे."

"तुम्हीच तर तपासून लिहून दिलंय!"

"हो. चुकलं माझं."

"म्हणजे सगळ्याच मुलांची वजनं चुकलीत?"

"नाही. बाकीच्यांची बरोबर आहेत."

"काटा माणूस बघून चुकतो का?"

खऱ्या काट्याला खोटं म्हणण्याची ती माझी पहिलीच वेळ. बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "उद्या आत नेण्याआधी वरच्या मजल्यावरच्या काट्यावर बघू," त्या म्हणाल्या. "पण कमी भरलं तर काय करायचं, ते मी ठरवणार."

मंगळवारी सकाळी परिचारक ढकलगाडी घेऊन आला तेव्हा बायकोने आधी खाटेच्या कडेचं ते उचलून घेतलं आणि मग मला म्हणाली, "मुंगीला तुम्ही घ्या." वरच्या काट्यावर मुलगी एकटीच होती. तीन किलो पाचशे ऐंशी. मी मनातल्या मनात पाचशे साठ वजा केले. वीस ग्रॅम तिचे होते, तिचे स्वतःचे.

डॉक्टरबाई आकड्याकडे आणि मग मुलीच्या ओठांकडे बराच वेळ बघत राहिल्या. "कमी आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पण तिचा रंग चांगला आहे, आणि थांबलो तर इतका चांगला राहील असं नाही. भूल आपण याच वजनाने देऊ. करू या."

दार बंद झालं. बाहेर लांबलचक बाक होता. बायको हातांची झोळी करून बसली, तान्हं मूल मांडीवर घेऊन बसतात तशी. तिच्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती. थोड्या वेळाने ती उगाच थोडी सरकून बसली, कुणाला कोपर लागू नये म्हणून सरकतात तेवढी. आपण का सरकलो, हे तिचं तिलाही कळलं नसावं.

एक तास गेला, दोन गेले. बायकोने हात बदलला, पुन्हा बदलला. तिसऱ्या तासाला म्हणाली, "जरा धरता? खांदा भरून आलाय."

मी इकडे-तिकडे बघितलं. मग हात पुढे केले. तिने ते माझ्या हातांवर ठेवलं आणि माझं कोपर थोडं वर उचललं. "मान सांभाळा," ती म्हणाली.

त्यात ऊब नव्हती, पण ते थंडही नव्हतं. नुसता भार होता. आधी तो सगळीकडे सारखा होता, मग हळूहळू एका बाजूला जड झाला आणि माझ्या कोपराच्या खळगीत विसावला. मी त्याला एकदा पुसून टाकलं होतं, आणि ते माझ्याकडेच आलं होतं. मला काही बोलायचं होतं. पण शेजारी म्हातारी बाई होती, आणि मी तसाही फार बोलत नाही.

चौथा तास संपत आला तेव्हा दार उघडलं. डॉक्टरबाईंनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. "झालं," त्या म्हणाल्या. "नीट झालं. चटकन या, एकदा लांबून बघून घ्या."

बायको धावली. तिची टेप गळ्यातून खाली पडली, ती उचलायलाही थांबली नाही. मोठ्या सिस्टर दार धरून उभ्या होत्या. "अहो काटेवाले, उठा की! मुलगी वाचली तुमची. बसलात काय असे?"

"आलोच," मी म्हणालो.

पण माझे हात भरलेले होते. बाकावर ठेवावं, तर ते पडेल. आत न्यावं, तर आत तारा, नळ्या, यंत्रं, आणि तिच्या कडेला जागा आहे की नाही कोण जाणे. आणि तिला आता याची गरज नसेल, तर मग याने कुठे जायचं? सिस्टर वाट बघून आत गेल्या. म्हातारी बाईही उठून गेली. कोपराच्या खळगीत ते जरासं हललं. मी रिकाम्या बोळात दोन्ही बाजूंना पाहून घेतलं आणि गुडघा हलवत, अगदी हलक्या हाताने, त्याला थोपटू लागलो.